शिकारबंदीने हरणे वाढत नाहीत

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत म्यूल डिअर हे हरीण गेली कित्येक दशके कमी होत चालले आहे. खेचरासारखे लांब कान आणि काळ्या टोकाचे शेपूट ही त्याची ओळख. वायोमिंग, कोलोराडो, युटा या राज्यांत दर शरदात त्याच्या शिकारीचा हंगाम लागतो, आणि ही शिकार बरीचशी सरकारी, म्हणजे साऱ्या जनतेच्या मालकीच्या जमिनीवर होते. कळप घटल्याची बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली असते: हरणेच उरली नसताना सरकार परवाने वाटते कसे? शिकार बंद करा. या मागणीत करुणा आहे आणि तिचा हिशेबही सरळ वाटतो. वजाबाकी थांबवली की शिल्लक वाढेल.

हा हिशेब चुकीच्या खात्यावर मांडलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. घटत्या कळपात माद्यांची शिकार थांबलीच पाहिजे आणि नरांचे परवानेही कापले पाहिजेत, यात वाद नाही. पण नरांची मोजकी शिकार साफ बंद केल्याने कळप सावरतो, हे खरे नाही. हरणांचा खरा घात हिवाळी कुरणांवर आणि स्थलांतराच्या वाटांवर होतो. बंदी आपले लक्ष तिथून काढून घेते, आणि त्या जमिनीसाठी भांडणाऱ्या एका मोठ्या संघटित वर्गाला घरी पाठवते. याचा अर्थ मी शिकाऱ्यांची वकिली करतो असा नाही. ‘शिकार हेच संवर्धन’ ही त्यांची घोषणाही तितकीच उथळ आहे. तिचा समाचार पुढे घेऊ.

१. कळप वाढतो कशाने

म्यूल डिअरचा एक नर एका हंगामात अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे कळपात नर किती आहेत यावर पुढच्या वर्षीची पैदास फारशी अवलंबून नसते. वायोमिंगचे वन्यजीव खाते बहुतेक कळपांत शंभर माद्यांमागे वीस ते एकोणतीस नर राखायचे धोरण ठेवते, आणि एवढ्या नरांवर माद्या गाभण राहायच्या थांबत नाहीत. प्रौढ माद्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक दरवर्षी गाभण राहतात. अडचण त्यानंतरची आहे. मादी हिवाळा काढते का आणि तिचे पाडस पहिला वाढदिवस पाहते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर कळप वाढतो किंवा खचतो.

कोलोराडोने १९९९ साली राज्यभरातील हरणांच्या शिकारीचे परवाने मर्यादित केले आणि ते सोडतीने द्यायला सुरुवात केली. नंतरच्या अभ्यासात दिसले की नरांचे प्रमाण वाढले, पण मादीमागे पाडसांचे प्रमाण वाढले नाही, उलट थोडे उतरलेच. कारण समजायला अवघड नाही. चारा तेवढाच, आणि त्यावर आता जादा नर चरू लागले. मोठी शिंगे हवी असलेल्या शिकाऱ्याला या धोरणाने खूश केले. पाडसांना त्याचा उपयोग झाला नाही.

इथे महाभारतातली एक गोष्ट आठवते. पांडूने हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला बाण मारला. राजाने मृगया करू नये असे किंदम म्हणतच नाही. जोडी रमलेली असताना तू थांबला नाहीस, हा त्याचा आरोप आहे. पश्चिमेतले अनेक हंगाम नोव्हेंबरातला माज सुरू होण्याआधी संपवले जातात, कारण त्या दिवसांत नर बेसावध असतो आणि सहज गोळीच्या टप्प्यात येतो. शिकार किती हा एक प्रश्न झाला. कोणाची आणि कधी, हे दोन प्रश्न त्याहून मोठे आहेत. सरसकट बंदीची मागणी या तिन्ही प्रश्नांना एकाच पोत्यात कोंबते.

२. २०२२-२३चा हिवाळा

शंका असेल त्याने पश्चिम वायोमिंगमधल्या ‘वायोमिंग रेंज’ कळपाचे काय झाले ते पाहावे. वायोमिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या हरणांच्या गळ्यात कित्येक वर्षे रेडिओ कॉलर घातलेले आहेत. २०२२-२३च्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला, खोल साचला, त्यावर कडक थर धरला आणि वसंत आला तरी तो हटेना. कॉलर असलेल्या प्रौढ माद्यांपैकी सुमारे सत्तर टक्के मेल्या. कॉलर असलेली त्या वर्षीची पाडसे तर सगळीच गेली.

या मृत्यूंत बंदुकीचा वाटा नव्हता. म्यूल डिअर हिवाळ्यात पोटभर खाऊन जगत नाही. उन्हाळ्या-शरदात अंगावर चढवलेली चरबी पुरवून पुरवून वापरते. तोंडी लावायला सेजब्रश आणि बिटरब्रशची खुरटी डहाळी. चरबी संपायच्या आत बर्फ वितळला तर जगले, नाहीतर मेले. म्हणून हिवाळ्यात हरणाला विनाकारण धावायला लावणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या आयुष्यातून थोडे खर्ची टाकते. मग तो गॅसच्या विहिरीवर जाणारा ट्रक असो, स्नोमोबाइल असो किंवा गळून पडलेली शिंगे वेचायला आलेला हौशी माणूस असो. शिंगे वेचणे हा तर बिनरक्ताचा, निरुपद्रवी छंद मानला जातो. तरीही युटाने फेब्रुवारी २०२३मध्ये तातडीचा आदेश काढून एप्रिलअखेरपर्यंत राज्यभर शिंगे वेचण्यावर बंदी घातली. हा निर्णय मला शिकारबंदीच्या साऱ्या मागण्यांहून शहाणपणाचा वाटतो. त्या महिन्यांत हरीण कशाने मरते, हे त्याने नेमके ओळखले होते.

वायोमिंगने त्या वर्षी परवाने मोठ्या प्रमाणात कापले, काही भागांत हंगाम आखडता घेतला. पूर्ण बंदीची मागणी झाली, आणि ती करणाऱ्यांत स्थानिक शिकारीही होते, हे त्यांच्या श्रेयात नोंदवले पाहिजे. पण त्यांनाही एक विचारावेसे वाटते. मेलेल्या माद्यांच्या जागी माद्या येणार त्या उरलेल्या माद्यांच्या पोटातून. शरदात दहा नर वाचवल्याने त्या प्रक्रियेत काय बदलते? फार थोडे.

३. जमीन कोणाची, हरीण कोणाचे

अमेरिकी कायद्यात वन्य प्राणी खाजगी मालकीचा नसतो. राज्य त्याचे विश्वस्त असते. पण हरीण ज्या जमिनीवर चरते ती बऱ्याचदा केंद्राची असते. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर, फॉरेस्ट सर्व्हिसकडे एकोणीस कोटींवर. म्हणजे हरणाचा विश्वस्त एक आणि त्याच्या चाऱ्याचा मालक दुसरा. राज्याच्या हातात परवान्यांची कात्री आहे, म्हणून कळप घटला की राज्य परवाने कापते. विहिरी, रस्ते, कुंपणे यांवरचा अंतिम शब्द दुसऱ्यांचा. शिकारबंदी इतकी लोकप्रिय का, याचे एक उत्तर इथे दडले आहे. ती सोपी आहे, स्वस्त आहे, आणि तिने कुठलीही कंपनी दुखावत नाही.

पाइनडेल गावाजवळचे अँटिक्लाइन वायुक्षेत्र पाहा. २०००नंतर तिथे विहिरींचे जाळे पसरले. वन्यजीव संशोधक हॉल सॉयर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हरणांवर दीड दशक नजर ठेवली. हरणांना विहिरींची सवय होईल अशी कंपन्यांना आणि अधिकाऱ्यांना आशा होती. ती झाली नाही. इतक्या वर्षांनंतरही हरणे विहिरींपासून साधारण किलोमीटरभर लांबच राहत होती, आणि त्या हिवाळी कुरणातली संख्या एक-तृतीयांशाहून अधिक घटली होती. कागदावर कुरण तेवढेच होते, हरणाच्या लेखी ते आक्रसले होते.

याच सॉयर यांच्या कामातून रेड डेझर्ट ते होबॅक ही सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरची स्थलांतराची वाट २०१४मध्ये जगासमोर आली. आपल्याकडे धनगरांची मेंढरे पावसाळा आणि उन्हाळा यांच्यामागे चालतात, तशी ही हरणे वसंतात हिरव्या कोंभांच्या लाटेमागे डोंगर चढतात आणि शरदात परततात. या वाटेवर फ्रीमाँट सरोवर आणि पाइनडेल गाव यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे. हजारो हरणे तिथून जातात. तिथले साधारण ३६४ एकर खाजगी रान बांधकामाखाली गेले असते तर वाट गळ्यातच आवळली असती. एका संवर्धन संस्थेने ते विकत घेऊन राज्याच्या वन्यजीव खात्याकडे सोपवले. तिथून जवळच ट्रॅपर्स पॉइंट इथे २०१२ साली महामार्गावरून प्राण्यांसाठी पूल बांधले गेले आणि गाड्यांना धडकून मरणारी हरणे झपाट्याने कमी झाली. ३६४ एकर आणि दोन-चार पूल यांनी जेवढ्या माद्या वाचवल्या असतील, तेवढ्या वाचवायला नरांच्या शिकारीवरची बंदी कधीच पुरली नसती. ती माद्यांना लागूच होत नाही.

सार्वजनिक जमीन नावापुरती सार्वजनिक असते, हेही इथेच सांगायला हवे. रेल्वे कंपनीला एकोणिसाव्या शतकात एक आड एक चौरस मैल जमीन दिल्याने दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला आहे. सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात जायचे तर कोपऱ्यावरून पाय टाकावा लागतो. २०२१मध्ये मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनवर हेच केले, शिवाय खाजगी जमिनीला पाय लागू नये म्हणून शिडी वापरली. तरी जमीनमालकाने त्यांना कोर्टात खेचले. २०२५च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने १८८५च्या कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. चार शिकाऱ्यांच्या हट्टापायी लाखो एकरांवर सामान्य नागरिकाला चालता येईल अशी वाट मोकळी झाली. पक्षीनिरीक्षकालाही, छायाचित्रकारालाही.

४. पैसा आणि आवाज

१९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर, जो आज अकरा टक्के आहे, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. राज्याने एक डॉलर घातला की केंद्र तीन घालते. परवान्याचे शुल्क वेगळे. हरणे मोजणारे विमान, कॉलर, जीवशास्त्रज्ञांचा पगार यातला बराच भाग या पैशातून निघतो.

या व्यवस्थेवर टीका होते ती रास्त आहे. वन्य प्राण्यांचा लाभ साऱ्या समाजाला होतो, मग खर्च फक्त बंदूक घेणाऱ्याने का करावा? उपाय ठरलेला आहे: बाकीच्यांनीही द्यावा. त्यासाठी ‘रिकव्हरिंग अमेरिकाज वाइल्डलाइफ अ‍ॅक्ट’ नावाचे विधेयक आले, जून २०२२मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सेनेटमध्ये अडकून मेले. जो वर्ग शिकारबंदीची मागणी करतो त्याने या विधेयकासाठी अर्धा जोर लावला असता, तर मी हा लेख जरा मऊ लिहिला असता.

पैशाहून महत्त्वाचा आवाज. २०२५च्या जूनमध्ये युटाचे सेनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकात पश्चिमेतली वीस-तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद घुसवली. विरोधात पर्यावरणवादी उतरणार हे उघडच होते, पण त्यांच्या विरोधाने ली यांच्या पक्षाला काही फरक पडत नव्हता. फरक पडला तो त्यांच्याच मतदारांनी, शिकारी आणि मासे पकडणाऱ्यांनी, फोन वाजवायला सुरुवात केल्यावर. महिना संपायच्या आत तरतूद मागे घेतली गेली. ज्या माणसाचे त्या जमिनीवर काही काम उरलेले नाही, तो अशा वेळी फोन करेल का?

५. आक्षेप

पहिला आक्षेप नैतिक आहे: संकटातल्या प्राण्याला मारणे मुळातच चूक. जो कोणताही प्राणी मारणे चूक मानतो, त्याच्याशी माझा वाद नाही. त्याची भूमिका हंगामाच्या पलीकडची आहे आणि ती सुसंगत आहे. माझा वाद आहे तो ‘संख्येसाठी’ बंदी मागणाऱ्याशी. त्याने संख्येचा हिशेब द्यायला हवा, करुणेचा नव्हे.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात येईल. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही मोडीत काढले, मग अमेरिकेला का जमू नये? आपल्या बंदीने पुष्कळ वाचवले, हे मान्य. बंदूकधारी हौशी आणि बाजारासाठी मारणारे मोकाट असताना तिच्याशिवाय पर्याय नव्हता. पण तीच बंदी सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक राखू शकली नाही. त्याला कोणी गोळी घातली नाही. माळरान नांगराखाली आणि विजेच्या तारांखाली गेले, आणि पक्षी गेला. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगूल कित्येक दशके कायद्याच्या संरक्षणात असूनही तीनशेच्या आसपासच घुटमळतो आहे. तिथेही प्रश्न कुरणाचा, चराईचा आणि तुटलेल्या वाटांचा आहे. बंदीचे काम गोळी थांबवणे. माळ राखण्यासाठी निराळी यंत्रणा लागते, आणि ती उभारायला मागे कोणीतरी हटून बसलेले लागते.

तिसरा आक्षेप शिकाऱ्यांकडून येतो, आणि तो मला सर्वांत चीड आणणारा वाटतो: हरणे लांडगे, कोयोटी आणि डोंगरी सिंह खातात, त्यांना मारा. आयडाहोत हा प्रयोग वर्षानुवर्षे झाला, कोयोटी आणि डोंगरी सिंह मारून पाहिले, हरणांच्या कळपाच्या वाढीवर टिकाऊ म्हणावा असा परिणाम दिसला नाही. कोलोराडोच्या अनकम्पाग्रे पठारावर उलटा प्रयोग झाला: शिकारी श्वापदे होती तशी ठेवून हरणांना हिवाळ्यात उत्तम खाद्य पुरवले, आणि पाडसे जगण्याचे प्रमाण वाढले. भुकेने खंगलेले पाडस कोयोटीच्या तोंडी जाते, म्हणजे मारेकरी कोयोटी दिसतो आणि कारण चारा असतो. बंदी आणि श्वापदहत्या दोन्ही एकत्र केल्यावर काय होते, हे पाहायचे तर अ‍ॅरिझोनातले कायबाब पठार आहे. १९०६मध्ये ते राखीव झाले, हरणांची शिकार थांबली, श्वापदे हजारोंनी मारली गेली. हरणे फुगली, झाडोरा खाऊन संपला आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर ती उपाशी मेली. नेमके आकडे किती यावर पुढे शास्त्रज्ञांत बरेच वाद झाले. उपासमारीबद्दल मात्र वाद नाही. शेवटी केंद्र सरकारला जमीन वाचवण्यासाठी स्वतःच हरणे मारावी लागली, आणि १९२८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अधिकार मान्य केला.

चौथा आक्षेप: वन्यजीव खाते परवान्यांवर जगते, मग ते शिकार बंद करण्याचा प्रामाणिक निर्णय कसा घेईल? हा आक्षेप खोडता येत नाही. हितसंबंध आहेच. म्हणूनच खर्चाचा पाया रुंद करायला हवा आणि गणनेचे आकडे, पद्धतीसकट, उघड्यावर ठेवायला हवेत. हितसंबंध असलेला विश्वस्त नको, म्हणून विश्वस्तच काढून टाकणे हे त्यावरचे उत्तर होत नाही.

६. बंदी कधी, आणि उलट कधी

काही ठिकाणी पूर्ण बंदी योग्य ठरेल. कळप इतका लहान की शंभर माद्यांमागे नर पाच-दहावर आले, किंवा तुटक कुरणात मोजकी हरणे अडकून राहिली, तर नराची गोळीही महाग पडते. तिथे हंगाम बंद ठेवावा, आणि कधी उघडणार याचा निकष आधीच लिहून ठेवावा. आदिवासी राष्ट्रांचे करारांतून आलेले हक्क हा निराळा विषय. २०१९च्या ‘हरेरा विरुद्ध वायोमिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रो लोकांचा १८६८च्या करारातला शिकारीचा हक्क राज्य स्थापन झाल्याने संपला नाही असे ठरवले. राज्याची बंदी त्यांना आपोआप लागू होईल असे कोणी समजू नये.

आणि काही ठिकाणी तर उलट करावे लागते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा, बरा न होणारा रोग १९६७मध्ये कोलोराडोत बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्रथम दिसला. त्याचे कारण असलेली विकृत प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. प्रौढ नरांत त्याचे प्रमाण माद्यांच्या सुमारे दुप्पट आढळते, कारण ते जास्त भटकतात आणि जास्त हरणांच्या संपर्कात येतात. वायोमिंगच्या साउथ कन्व्हर्स कळपात हा रोग इतका माजला की त्यानेच कळप दरवर्षी खाली जात असल्याचे अभ्यासात दिसले. अशा कळपात ‘हरणे घटली, नर वाचवा’ असे म्हणणे म्हणजे रोगाचे वाहक सांभाळणे. तिथे नरांची शिकार वाढवावी लागते, आणि ती घटत्या कळपातच वाढवावी लागते. वजाबाकीचा सरळ हिशेब इथे पूर्ण कोसळतो.

७. परवाना हातात असलेल्यांसाठी

शिकाऱ्यांना मोकळे सोडायचे नाही. शिकार टिकवायची तर तिची धार त्यांनीच बोथट करायला हवी. आजची रायफल आणि दुर्बीण पाचशे-सहाशे मीटरवरच्या हरणाला असा नेम लावते की त्याला माणसाचा वाससुद्धा लागत नाही. पायवाटेवर बांधलेला सेल्युलर कॅमेरा नराचा फोटो थेट फोनवर पाठवतो. अ‍ॅरिझोनाने २०२२च्या जानेवारीपासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली. युटाने त्याच वर्षी जुलैअखेरपासून डिसेंबरपर्यंत. दोन्हीकडे काही शिकाऱ्यांनी आरडाओरडा केला. त्यांना आरशासमोर उभे करायला हवे. तुमच्या हंगामाचे रक्षण जीवशास्त्र करते, कारण नराच्या शिकारीने कळप खचत नाही. पण ते तेव्हाच खरे राहते जेव्हा यशाचा दर मर्यादेत असतो. तंत्रज्ञानाने प्रत्येक परवाना म्हणजे हमखास शिंगे असे झाले, तर वीस नरांचे पाच व्हायला दोन हंगाम पुरतील, आणि मग बंदी मागणाऱ्यांचे खरे ठरेल.

शिवाय परवाना मिळवणारे वर्षातून दहा दिवस डोंगरावर जातात आणि बाकीचे दिवस हिवाळी कुरणाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्स कार्यालयाखालच्या साधारण छत्तीस लाख एकरांचा जमीन-आराखडा २०२४च्या अखेरीस मंजूर झाला. रेड डेझर्टची हिवाळी कुरणे आणि त्या दोनशे चाळीस किलोमीटर वाटेचे दक्षिण टोक त्यात येते. २०२५मध्ये तो पुन्हा बदलायला काढला गेला. कुठे विहीर खणायची आणि कुठे नाही, हे त्यात ठरणार आहे, आणि अशा आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा शिकाऱ्यांच्या हरकती किती आल्या, हे कोणालाही मोजता येते.